पडद्यामागचे वादक

हिंदी चित्रपटगीत म्हटले, की गायक, संगीतकार आणि गीतकार अशी तीन नावे सहज ओठांवर येतात. मात्र मुखडा सुरू होण्यापूर्वीच ज्या सुरावटीवरून श्रोता गाणे ओळखतो, ती वाजविणाऱ्याचे नाव बहुधा कुणालाच ठाऊक नसते.

१९४०च्या दशकानंतर चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद मोठा होत गेला. संगीतकार चाल बांधी. पण ती अनेक वादकांकडून एकाच वेळी वाजवून घ्यायची, तर प्रत्येकाच्या पुढ्यात लिखित स्वरलिपी हवी. ही विद्या प्रामुख्याने गोमंतकीय वादकांकडे होती. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकविले जाई. मुंबईत आलेले हे वादक हॉटेलांतील जाझ बँडमध्ये वाजवीत आणि ध्वनिमुद्रणालाही जात. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद-संयोजन केले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांना साथ दिली. दोन कडव्यांमधील संगीत आणि गायकाच्या स्वरामागून वाहणारी व्हायोलिनची प्रतिधून यांत संयोजकाचा वाटा मोठा असे.

त्या काळी सारा वाद्यवृंद गायकासह एकत्रच ध्वनिमुद्रित होई. एकाचा स्वर चुकला, तरी सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. ध्वनिमुद्रण संपले, की मेहनताना हाती पडे आणि गाण्याशी असलेला वादकाचा संबंधही तेथेच संपे. माजोर्डा येथील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गाण्यातून त्यांना मानवंदना दिली. तरीही अनेकांना ते केवळ पडद्यावरील पात्राचे नाव वाटले.

१९९०च्या दशकात सिंथेसायझरने अनेकांचे काम हिरावले. १९९४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क आले, तर २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी त्यांना स्वामित्वधनाचा अधिकार दिला. मात्र त्याच दुरुस्तीत एक अपवादही आहे. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि प्रथेनुसार ज्याला श्रेयनामावलीत स्थान मिळत नाही, तो या हक्कांसाठी सादरकर्ता मानला जात नाही. आपल्या सादरीकरणाच्या विकृतीकरणाविरुद्ध दाद मागणे एवढाच हक्क त्याच्यापाशी उरतो.

गाण्याचा प्राण ठरलेली सुरावट आनुषंगिक कशी म्हणावी, हा प्रश्न आहेच. पण नाव न देण्याची जुनी प्रथाच कायद्यात निकष बनल्याने, श्रेयनामावलीतील एक ओळ आता केवळ मानाची बाब उरलेली नाही.