'पहिला' या शब्दात लपलेला 'नाही'

मे महिन्यात हापूसची एक फोड तुम्ही तोंडात टाकलीत आणि ती विलक्षण गोड निघाली, तर तुम्ही काय म्हणाल? बहुधा, 'इतका गोड आंबा मी कधी खाल्ला नव्हता!' हीच गोष्ट इंग्रज मुलगा सांगेल ती अशी : 'धिस इज द स्वीटेस्ट मँगो आय हॅव एव्हर ईटन.' दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. पण त्यांची बांधणी नीट पाहा. मराठी वाक्यात 'नव्हता' हा नकार उघड आहे. इंग्रजी वाक्यात मात्र तो कोठेच दिसत नाही. मग तो गेला कोठे?

तो गेलेला नाही, लपलेला आहे. आज आपण त्याचा शोध घेऊ.

'एव्हर'चा माग

आपल्याला पहिला धागा देतो तो 'एव्हर' हा शब्द. 'एव्हर' म्हणजे 'कधी'. हा शब्द मोठा चोखंदळ आहे. 'आय हॅव एव्हर सीन द सी' असे कोणी म्हणत नाही. 'मी समुद्र कधी पाहिला आहे' हे सरळ विधान मराठीतही अडखळते. पण 'कधी पाहिला नाही', 'कधी पाहिलास का?', 'कधी पाहिलास तर सांग' ही वाक्ये सुरळीत जातात. म्हणजे 'एव्हर' काय किंवा 'कधी' काय, या शब्दांना नकार, प्रश्न किंवा अट यांचा शेजार लागतो.

एडवर्ड क्लिमा या भाषाशास्त्रज्ञाने १९६४ साली इंग्रजीतील अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे १९७९ साली विल्यम लॅडुसॉ याने त्यामागचे एक तर्कशास्त्रीय सूत्र दाखवले. ते सोपे आहे. 'मी कालपासून फळ खाल्ले नाही' हे खरे असेल, तर 'मी कालपासून आंबा खाल्ला नाही' हेही खरेच असते. नकारात मोठ्या गटाविषयी बोललो, की त्यातील लहान गटाविषयी आपोआप बोलले जाते. 'मी काल फळ खाल्ले' याचे तसे नाही. फळ खाल्ले म्हणजे आंबाच खाल्ला असे होत नाही. ते केळेही असू शकेल.

आता 'सुलभा शाळेत सर्वांत उंच आहे' हे वाक्य घ्या. मग ती आपल्या वर्गातही सर्वांत उंच असलीच पाहिजे. 'सुलभा शाळेत पहिली आली' असे म्हटले, तर वर्गातही तीच पहिली. म्हणजे येथेही मोठ्या गटावरून लहान गटावर निःशंक उतरता येते, अगदी नकारातल्यासारखेच! कारण उघड आहे. 'सर्वांत उंच' म्हणजे 'तिच्याहून उंच कोणी नाही' आणि 'पहिली' म्हणजे 'तिच्यापुढे कोणी नाही'. 'स्वीटेस्ट' आणि 'फर्स्ट' या शब्दांच्या शेजारी 'एव्हर' सुखाने नांदतो, तो या लपलेल्या 'नाही'मुळे.

एकाच घराण्यातले शब्द

'फर्स्ट' आणि 'स्वीटेस्ट' यांचे नाते याहूनही जुने आहे. 'फर्स्ट'च्या शेवटी जो 'स्ट' ऐकू येतो, तो 'स्वीटेस्ट'मधलाच. 'बिफोर' या शब्दात आजही दिसणाऱ्या 'फोर'चा अर्थ 'पुढे' असा आहे. त्याला 'एस्ट' हा तमभावाचा प्रत्यय लागून प्राचीन इंग्रजीत 'सर्वांत पुढचा' असा जो शब्द झाला, तोच आजचा 'फर्स्ट'.

आता आपल्या 'प्रथम'कडे वळू. 'प्र' म्हणजे पुढे, आणि त्याला लागलेला प्रत्यय 'तम'च्या घराण्यातला. म्हणजे पुन्हा 'सर्वांत पुढचा'! 'पितृ'चा 'फादर' आणि 'पाद'चा 'फूट', तसाच 'प्र'चा भाऊ 'फोर'. 'एस्ट' या प्रत्ययाचा भाऊ संस्कृतातील 'इष्ठ'. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांत तो आपण रोज वापरतो. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे तर एकाच प्राचीन शब्दाचे दोन वंशज आहेत. संस्कृत आणि युरोपातील भाषांचे उगमस्थान एक असावे, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडला होता. त्याची साक्ष ही अशी आपल्या जिभेवर आहे.

मात्र असे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. 'उत्तम' म्हणजे खरे तर 'सर्वांत वरचा'. पण तेवढ्याने आपले समाधान होत नाही, म्हणून आपण 'सर्वोत्तम' म्हणतो. 'प्रथम' पुरेना, म्हणून 'सर्वप्रथम' म्हणतो. इंग्रजांनाही 'फर्स्ट' अपुरा वाटतो, तेव्हा ते 'द व्हेरी फर्स्ट' म्हणतात.

काळ का बदलतो?

समुद्र प्रथमच पाहणारा मराठी विद्यार्थी 'मी समुद्र पहिल्यांदाच पाहतो आहे' या वाक्याचे इंग्रजी करताना हमखास 'आय अ‍ॅम सीइंग' असे लिहितो. शिक्षक ते खोडून 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन द सी' असे लिहून देतात. असे का? मराठी वाक्य समोर चाललेल्या क्रियेकडे पाहते आणि 'च' लावून जोर देते. इंग्रजी वाक्य मात्र जन्मापासून या क्षणापर्यंतची वही उघडते, तीत समुद्रदर्शनाच्या किती खुणा आहेत ते मोजते आणि सांगते, 'ही पहिली खूण.' मोजणी आजवरची, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ. वाक्यात 'आजवर' घालता येत असेल तर 'हॅव', आणि 'तोवर' घालता येत असेल तर 'हॅड', एवढे लक्षात ठेवले तरी ही चूक टळेल.

इंग्रज मंडळी आइस्क्रीम खाल्ले, चित्रपट पाहिला, की 'बेस्ट एव्हर' म्हणून मोकळी होतात. ही अतिशयोक्ती वाटते. पण 'आय हॅव एव्हर' ही पुस्ती जोडली, की दाव्याला कुंपण पडते. तो जगाविषयी उरत नाही, बोलणाऱ्याच्या अनुभवापुरता राहतो. बारा वर्षांच्या मुलाचा 'आजवर' आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांचा 'आजवर' यांत किती अंतर आहे!

एव्हरेस्टची साक्ष

हे कुंपण विज्ञानात फार महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हे जगातील सर्वांत उंच शिखर मानले जाई. पुढे तो मान धवलगिरीला आणि नंतर कांचनगंगेला मिळाला. राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास केलेल्या आकडेमोडीतून एव्हरेस्ट पुढे आले आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी ती ८,८४८.८६ मीटर असल्याचे सांगितले. आधीच्या लोकांचा दावा खरा होता तो 'आजवर मोजलेल्यांत' एवढ्यापुरता. शिवाय ही उंची समुद्रसपाटीपासूनची. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजाल, तर सर्वांत दूरचा माथा पुन्हा चिंबोराझोचाच!

आता 'पहिल्या'चे पाहू. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. पण त्यापूर्वी ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि आयर्विन हे दोघे शिखराच्या वाटेवर दिसले होते आणि पुढे ते परतलेच नाहीत. मॅलरींचा मृतदेह १९९९ साली सापडला. आयर्विन यांचे नाव असलेला मोजा आणि पायाचा अवशेष २०२४ साली मिळाला. ते माथ्यावर पोहोचल्याचा पुरावा मात्र अद्याप मिळालेला नाही. १९५३ ची चढाई छायाचित्रांनी सिद्ध होते. पण 'त्याआधी कोणी नाही' हे कोणते छायाचित्र सिद्ध करणार? म्हणून काळजीपूर्वक लिहिणारा 'माथ्यावर पोहोचल्याचे ज्ञात असलेले पहिले' असे लिहितो.

उद्याच्या वर्तमानपत्रातील 'सर्वांत' आणि 'पहिला' हे शब्द शोधून त्यांखाली रेघ मारा. मग प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा : कोणत्या गटात? कोणत्या मापाने? आणि लपलेला 'नाही' कोणी तपासला? तर आणि तम हे दोन प्रत्यय जोडून आपल्याकडे एक शब्द तयार झाला आहे. वडीलधारी माणसे तो नेहमी वापरतात. तो शब्द म्हणजे 'तारतम्य'.