घरी वारलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण लिहितं कोण?

मालवण : गावात म्हातारं माणूस घरीच वारलं की कारण ठरलेलं, ‘हृदय बंद पडलं’. अहो, मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं! ते कारण नव्हे. आधी चार दिवस ताप, अंगदुखी, लघवी कमी आणि त्याआधी लावणीच्या चिखलात अनवाणी काम, असं असेल तर लेप्टोचा संशय घ्यायला हवा. तो ‘म्हातारपण’ म्हणून खपून गेला, तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या कुठल्या वाडीत वाटायच्या, हे आरोग्य केंद्राला कळणार कसं? २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मुंबईहून आलेली मुलं बाराव्यानंतर सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचंही विचारतात. पण शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरने कारणाचं प्रमाणपत्र मोफत द्यायचं असतं. घरच्या मृत्यूसाठी ते नमुना ‘४-अ’मध्ये. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळते. ती मागून घ्यावी. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलं नसतं.