नवेगाव बांध
नवेगाव बांध : महाराष्ट्र राज्याच्या गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यात) एक जुना तलाव व पर्यटनस्थळ. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात वनाच्छादित टेकड्यांमध्ये तो वसला असून त्याचे क्षेत्रफळ सु. ११ चौ. किमी. आहे. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील देवलगाव हे जवळचे स्थानक होय.

हा तलाव निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे मानतात. तलाव बांधून भात व ऊस पिकविण्यात कोहळी शेतकरी निष्णात होते. टेकड्यांमधील सखल जागा मातीच्या पाळीने अडवून पावसाचे पाणी साठवावयाचे व ते उताराने शेतांकडे न्यावयाचे, ही त्यांची पद्धत. सभोवारच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. कोलू पाटलाची ‘कोलासुर’ या नावाने देव म्हणून पूजा होते.

मासेमारी : या भागात मासेमारी हा परंपरेने ढिवर समाजाचा व्यवसाय आहे. फेकजाळे व गळ ही त्याची नेहमीची साधने. मरळ, शिंगी व मागूर हे येथील तलावांतील मूळचे मासे उथळ, गवताळ पाण्यातही तग धरतात. कारण त्यांना पृष्ठभागावर येऊन हवा घेता येते. मरळीचे नर-मादी पिलांची राखण करतात. अशा वेळी मोठा मासा गळाला लागल्यास सबंध पिलावळ धोक्यात येते. रोहू, कतला व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करीत. संप्रेरकाच्या अंतःक्षेपणाने कृत्रिम प्रजनन १९५७ मध्ये साधल्यानंतर ते बीजकेंद्रांतून मिळू लागले.

नौकाविहार : पाळीवरून दिसणारा निवांत जलाशय हे पर्यटकांचे मुख्य आकर्षण असून येथे नौकाविहाराची सोय करण्यात आली. अशा तलावात वल्ह्याची, सपाट तळाची नाव सोयीची ठरते. ती उथळ पाण्यात अडत नाही. यांत्रिक नावेचा पंखा पाणवनस्पतींत गुंततो व तळाची गाद ढवळतो. पहाटे पाणी बहुधा संथ असते. दुपारनंतर वारा वाढतो. उथळ पाण्यात लाटा आखूड व उभ्या उठतात, म्हणून नावेत उभे राहणे किंवा एका बाजूस दाटी करणे धोक्याचे असते. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी पावसाची चिन्हे दिसताच किनारा गाठणे इष्ट. हिवाळ्यात स्थलांतरित बदके व इतर पाणपक्षी येतात. त्यांच्या थव्यांपासून नाव दूर ठेवावी लागते.

संरक्षण : तलावालगतच्या वनक्षेत्रात १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, २०१३ मध्ये त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. येथील निसर्गजीवनाचा परिचय मराठी वाचकांना प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून झाला.

सिंचन, मासेमारी व जलविहार या तिन्ही उपयोगांचा पाया एकच आहे, तो म्हणजे तलावाचा उथळ काठ. शेतीला पाणी सोडल्यावर हा काठ उघडा पडतो. तेथे देवधानासारखी गवते व इतर पाणवनस्पती वाढतात, पुढे पाणी चढल्यावर त्यांच्या आडोशाने माशांची पिले जगतात आणि पक्ष्यांना अन्न मिळते. बेशरम व जलपर्णी यांसारख्या परकीय वनस्पतींनी हा काठ व्यापला, किंवा सुशोभनासाठी तो दगडांनी बांधून काढला, तर प्रथम मूळचे मासे घटतात, मागोमाग पक्षी व ढिवरांचे उत्पन्न. गाद काढताना आणि पर्यटकांसाठी बांधकाम करताना म्हणूनच काठाचा काही भाग अबाधित ठेवणे आवश्यक ठरते. काठ उजाड झाला, तरी पाणी तेवढेच शांत दिसेल. परंतु पाहण्याजोगे त्यात फारसे उरणार नाही.