नॅसचा ग्राफ 115 वरच का अडकतो? नेटवर्क मॉनिटरिंगचा फसवा आकडा

यवतमाळमधल्या एका फोटो स्टुडिओचं नेटवर्क मी बघतो. तिथे एक नॅस आहे, म्हणजे चार हार्डडिस्कचा छोटा स्टोरेज सर्व्हर. दारव्हा, नेर, घाटंजी अशा सगळीकडच्या लग्नांचं शूटिंग त्यावर जमा होतं आणि रात्री त्याचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो. नॅसमधून किती डेटा जातोय हे दाखवणारा एक ग्राफ स्टुडिओच्या मालकांच्या फोनवर उघडतो. भानगड त्या ग्राफचीच होती. नेटवर्क गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिटचं, पण ग्राफ 115 च्या वर जायलाच तयार नाही.

असं दिसलं की पहिला संशय केबलवर जातो, आणि तो चुकीचा नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, 100 मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार तुटली की कनेक्शन गुपचूप 100 वर उतरतं. म्हणून केबल बदलून झाल्या होत्या आणि आता नवीन स्विचचं कोटेशन आलं होतं. "भाऊ, लग्नाचा सीझन तोंडावर आहे, घेऊनच टाकू," मालक म्हणाले.

मी म्हटलं, थांबा, आधी एक फाइल कॉपी करून बघू. 10 जीबीचा व्हिडिओ नॅसवरून एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर घेतला. दीड मिनिटात आला, म्हणजे सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट. एक बाइट म्हणजे आठ बिट, तेव्हा हे झाले जवळपास 880 मेगाबिट. (रिचार्जच्या जाहिरातीत मेगाबिट असतात आणि डाउनलोडच्या पट्टीवर मेगाबाइट, हे फोनवरही लक्षात ठेवा. आठपटीचा फरक आहे.) कनेक्शन खरंच 100 वर उतरलं असतं, तर याच फाइलला तेरा मिनिटांहून जास्त लागले असते. आणखी एक गोष्ट: ग्राफवर कधीकधी 113 दिसायचं. 100 मेगाबिटच्या कनेक्शनमधून 113 जाणार कुठून?

म्हणजे नेटवर्क ठणठणीत होतं, मोजणी गंडली होती.

ही मोजणी होते कशी ते बघू. नॅस स्वतः स्पीड सांगत नाही. त्याच्याकडे प्रत्येक पोर्टचा एक काउंटर असतो: सुरू झाल्यापासून किती बाइट गेले. मॉनिटरिंगचं टूल एसएनएमपी नावाच्या पद्धतीने हा आकडा दर 5 मिनिटांनी विचारतं, मागचा आकडा त्यातून वजा करतं आणि 300 सेकंदांनी भागतं. 5 मिनिटांची ही सवय 1995 मध्ये आलेल्या एमआरटीजी या टूलपासूनची, आजही बऱ्याच ठिकाणी तीच चालते.

जुना काउंटर 32 बिटांचा आहे. तो 4,29,49,67,295 पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो, जुन्या बाइकचं मीटर 99999 नंतर 00000 होतं तसा. हे झाले सुमारे 4.29 जीबी. पूर्ण भरून वाहणाऱ्या गिगाबिट पोर्टवर एवढा डेटा जायला फक्त 34 सेकंद लागतात! टूलला एक फेरा कळतो, कारण नवीन आकडा मागच्यापेक्षा लहान दिसतो. पण 5 मिनिटांत सहा-सात फेरे झाले तर ते कळायला मार्गच नाही.

आता हिशेब करा. बॅकअप सेकंदाला 100 मेगाबाइटने चाललाय, 5 मिनिटांत 30 जीबी गेले. त्यातले सहा फेरे हरवले, उरले 4.23 जीबी. भागिले 300, गुणिले आठ: 113 मेगाबिट. अख्खे 4.29 जीबी धरले तरी 115 च्या आतच. ग्राफचं छत हेच. गंमत म्हणजे बॅकअपचा वेग 110 वर गेला, तर ग्राफ खाली येऊन 78 दाखवतो. काम वाढलं की रेघ उतरते!

32 बिटांनी यूट्यूबलाही गाठलं होतं. 2014 मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज 2,14,74,83,647 या मर्यादेला भिडले, तेव्हा काउंटर 64 बिटांचा करावा लागल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

उपाय एका पैशाचा नाही. बहुतेक नॅसमध्ये 64 बिटांचा काउंटरही असतो, त्याच्या नावात 'एचसी' ही अक्षरं असतात. टूलला तो वाचायला सांगा. मात्र एसएनएमपीची आवृत्ती 1 ठेवली असेल तर तो मिळणारच नाही, 2सी किंवा 3 हवी. आमच्याकडे इथेच 1 निवडलेलं होतं. बदललं आणि त्याच रात्री रेघ 850 च्या आसपास गेली. हा काउंटर गिगाबिटवर भरायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील.

पण आपल्याकडे लाइट जाते. नॅस बंद पडून सुरू झाला की काउंटर शून्यापासून मोजतो. काही टूल्सना वाटतं, फेरा पूर्ण झाला, आणि ग्राफवर आभाळाला टेकणारा सुळका येतो. तो एकच सुळका बाकीचा अख्खा दिवस तळाला चिकटवतो. टूलमध्ये त्या पोर्टची कमाल मर्यादा 1000 मेगाबिट लिहून ठेवा, त्यापुढचा आकडा ते टाकून देतं. नॅसला यूपीएस लावाच, पण तो डिस्कसाठी. स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर नॅस चालू राहतो आणि ग्राफमध्ये भोक पडतं.

भोक म्हणजे शून्य नव्हे. एसएनएमपी सहसा यूडीपीवर चालतं, त्यात हरवलेलं उत्तर आपोआप परत येत नाही. नॅस डिस्क दुरुस्तीत गुंतला असेल तर उत्तर उशिरा येतं किंवा येतच नाही. टूलमध्ये वाट बघायची वेळ थोडी वाढवा. आणि दोन पोर्ट जोडून एक केले असतील, तर तो जोड आणि दोन्ही पोर्ट अशा तिघांची बेरीज करू नका. तोच डेटा दोनदा मोजला जातो.

स्विचचं कोटेशन मालकांनी परत पाठवलं. यूपीएसची बॅटरी मात्र नवीन घेतली.