पुरंदरचा तह, मुन्शीच्या कागदातून

पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण हे आपल्याला कळलं कुठून?

याचं एक मोठं उत्तर आहे 'हफ्त अंजुमन' या फारसी हस्तलिखितात. हफ्त म्हणजे सात, अंजुमन म्हणजे सभा. (आपला 'हप्ता' याच हफ्तच्या घरातला!) मिर्झाराजे जयसिंगांचा मुन्शी उदयराज त्यांच्या वतीने फारसीत पत्रं लिहायचा. पुढे त्याच्या मुलाने ती एकत्र केली. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्र लिहिताना याच पत्रांचा भरपूर वापर केला.

आता चला जून १६६५ मध्ये. एप्रिलमध्ये वज्रगड पडलाय, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडलेत, पुरंदरला वेढा आहे. महाराज स्वतः जयसिंगांच्या छावणीत येतात आणि बोलणी सुरू होतात.

ठरलं काय? ४ लाख होनांच्या मुलखासह २३ किल्ले मुघलांना. राजगड धरून १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. बादशाहाची मनसब घ्यायची ती संभाजीराजांनी, पाच हजारी. महाराजांनी स्वतः दरबारात हजर राहायचं नाही. पराभवाच्या तोंडावरही हे कलम त्यांनी मिळवलं, हे लक्षात ठेवा.

अजून एक कलम आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. कोकण आणि बालाघाटातला विजापूरचा काही मुलूख महाराजांनी घ्यावा, बदल्यात बादशाहाला ४० लाख होन द्यावेत, १३ वार्षिक हप्त्यांत. म्हणजे बघा, मुलूख आदिलशाहाचा, परवानगी औरंगजेबाची!

जयसिंग बादशाहाला याचे तीन फायदे सांगतात: पैसा मिळेल, शिवाजी आणि विजापूर एकमेकांपासून तुटतील, आणि त्या डोंगर-जंगलात आपल्या फौजेला लढावं लागणार नाही.

इथे जरा थांबूया. हे पत्र म्हणजे सेनापतीने बादशाहाला पाठवलेला रिपोर्ट आहे. त्यात आपलं काम चांगलंच दिसणार ना? म्हणून आकडे घ्यायचे, पण सूर तपासायचा. समोरच्या पक्षाचा कागद असाच वाचतात. तो फेकायचा नाही, आणि डोळे झाकून मानायचाही नाही.

आणि पुढे? ज्या हजेरीतून सूट मिळाली होती, त्याच दरबारात १६६६ साली महाराजांना आग्र्याला जावं लागलं. तिथून ते निसटले. १६७० मध्ये आधी कोंढाणा परत आला, मग पुरंदरही. ५ वर्षंसुद्धा झाली नव्हती. १३ हप्ते तर लांबच राहिले!

पुढच्या वेळी कुणी 'तहात हरले' म्हणालं, तर विचारा: कोणतं कलम, आणि लिहिलंय कुणी?

भेटू पुढच्या भागात!