गाडी बाजूला घ्या आणि झोपा!

परीक्षा संपली की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच साथ पसरते, ट्रिपची! कुणाच्या तरी काकांची गाडी, कुणाचं तरी नवंकोरं लायसन्स आणि ठरलेला प्लॅन : ताडोबा, नाहीतर थेट हेमलकसा. "लॉजवर पैसे कशाला घालवायचे? गाडीतच झोपू ना!" हे वाक्य दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मी चंद्रपूरची, म्हणून सगळे मलाच विचारायला येतात. तेव्हा मित्रहो, एकदाच काय ते लिहून टाकते.

पण आधी आमच्या घरची गोष्ट. मागच्या वर्षी आलापल्लीला एका नातेवाइकांकडे लग्न होतं. जेवणं, गप्पा, आहेर करता करता निघायला रात्रीचा दीड वाजला. "राहा ना, सकाळी जा," असं सगळे म्हणत होते. पण बाबांचं एक कायमचं वाक्य आहे, "मला गाडी चालवताना झोप येत नाही." मागे आई आणि धाकटा भाऊ गाढ झोपलेले. मी पुढे बसले होते आणि माझी ड्यूटी एकच, बाबांशी बोलत राहणं. अर्थातच मीसुद्धा झोपले! लगामच्या पुढे कधीतरी चाकांखाली खडी वाजल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर डाव्या बाजूची दोन्ही चाकं डांबराच्या खाली आणि हेडलाइटच्या उजेडात समोर सागाचं झाड. बाबांनी ब्रेक मारला. गाडी थांबली ती झाडापासून हातभर अंतरावर. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

तिथून हळूहळू आष्टीपर्यंत आलो. चहाच्या टपरीवर एक ट्रक ड्रायव्हर काका बसले होते. बाबांचे डोळे बघूनच म्हणाले, "साहेब, झोपून घ्या न अर्धा घंटा. चंद्रपूर कुठं पळून राह्यलं का?" आणि बाबा, जे कुणाचं ऐकत नाहीत, ते खरंच पंपाच्या कोपऱ्यात गाडी लावून झोपले. त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं.

त्या रात्री नेमकं काय झालं होतं? आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवत राहतं. त्यात शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात सगळ्यात खाली असतं. दुपारी दोन ते चारमध्येही एक छोटा खड्डा असतो. (लेक्चरला तो सगळ्यांनाच सापडतो.) या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मेंदू परवानगी न विचारता दोन-चार सेकंद बंद पडतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात. डोळे उघडे असले तरी हे होऊ शकतं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तीन सेकंदांत ६६ मीटर गाडी चालली आणि चालवणारा कुणीच नाही! खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी थोडा वेळ बरं वाटतं, पण झोपेचा दाब काही उतरत नाही. त्याला औषध झोपच.

आता गाडी लावायची कुठे? आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न पुण्या-मुंबईसारखा नाही. जंगलातल्या रस्त्यावर बिलकुल नाही! वाघ फक्त ताडोबाच्या गेटच्या आत राहतात असं बाहेरून आलेल्यांना वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यात ते ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे शेतापर्यंत येतात. मोहाच्या दिवसांत अस्वलं असतात, आणि २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडच्या बाजूने आलेले रानटी हत्तीही फिरताहेत. काच बंद करून आत बसलेल्याला वाघ सहसा काही करत नाही. धोका असतो तो रात्री दोनला "जरा जाऊन येतो" म्हणून झुडपाकडे जाणाऱ्याला. नदीच्या पात्रात वाळूवर गाडी लावणं हा दुसरा वेडेपणा. वर गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगा चढते, इथे पाऊस पडलेला नसला तरी. आणि रस्त्याच्या कडेला इंडिकेटर लावून झोपणं तर सगळ्यात वाईट. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्री त्याच रस्त्याने जातात आणि त्यांचे ड्रायव्हरही माणसंच असतात.

मग उरतं काय? पेट्रोल पंप, चालू असलेला ढाबा, बस स्टँडच्या समोरचा उजेड. आधी विचारायचं, "दादा, अर्धा तास झोपलो तर चालेल ना?" मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. गाडी सपाट जागेवर, ट्रकच्या मागे नाही, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये. मुलींनी घरी कुणाला तरी जागेचं नाव कळवावं, आणि ते रेंज असतानाच. आलापल्ली सोडून भामरागडकडे निघाल्यावर ते राहून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका! उभ्या गाडीचा धूर वाऱ्याने उडून जात नाही, गाडीखालीच रेंगाळतो. सायलेन्सरला कुठे भोक असेल, मागे भिंत असेल, तर तो आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकेदुखी, मळमळ जाणवून बाहेर तरी येईल, झोपलेला उठतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेली दोन माणसं अशीच गेली. तिथे जनरेटरचा धूर आत आला होता. आपल्यासारख्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या, कालिकतच्या एनआयटीच्या, लोकांनी तपासात मदत केली होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे ना, असं मेकॅनिकलवाले म्हणतील. आहे, पण तो पुरेसा तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि जुन्या गाडीत तो कुठल्या अवस्थेत आहे हे कुणी पाहिलंय?

मग काचा बंद करून, इंजिनही बंद करून झोपलं तर गुदमरू का? हा प्रश्न आमच्या रूमवर फार गाजला, म्हणून आम्ही हिशोबच मांडला. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या गाडीत हवा धरा ३,००० लिटर. दोघं झोपले तर तासाला २६ लिटर, म्हणजे गाडी डबाबंद असेल तर सुमारे ०.९ टक्के. गाडी तशी डबाबंद नसते, फटींतून हवा येत राहते, त्यामुळे जीव जात नाही. पण डोकं जड होऊन उठणं आणि काचा आतून पाण्याने थबथबणं नक्की. उपाय फुकटचा आहे : समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन काचा दोन बोटं खाली घ्यायच्या.

आणि इथेच आपल्याकडचा खरा शत्रू आत येतो, डास! गडचिरोलीचा मलेरिया ही थट्टेची गोष्ट नाही. इथे फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आहे, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि तो पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डास संध्याकाळ ते पहाट या वेळातच चावतो. जुन्या मच्छरदाणीचे दोन तुकडे कापा. आई ओरडली तर माझं नाव सांगा. दार उघडून, तुकडा काचेच्या चौकटीवर टाकून दार बंद केलं की कडा दारात दाबल्या जातात. खालची बाजू फ्रिजवरच्या मॅग्नेटने पत्र्याला चिकटते. अंगाला ओडोमॉस, पायात मोजे. कॉइल मात्र गाडीत लावायची नाही, धूर म्हणजे परत तोच प्रश्न. आणि एक लक्षात ठेवा, चावल्यापासून ताप यायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर तुम्ही हॉस्टेलवर परत आलेले असता आणि मेसच्या जेवणाला शिव्या देत असता. ट्रिपनंतर थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना न विचारता सांगा की गडचिरोलीला गेलो होतो, आणि रक्त तपासून घ्या.

दुपारी झोपायचं असेल तर गणित वेगळं. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीत ४६ अंश, आणि बंद गाडी उन्हात अर्ध्या तासात आणखी पंधरा-वीस अंश चढते. काच ऊन आत येऊ देते, पण आतल्या सीटने सोडलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लहान मूल किंवा आजी अशा गाडीत "पाचच मिनिटं" म्हणूनसुद्धा ठेवू नये. झाडाखाली लावताना दुपारी झाडाच्या पूर्वेला थोडी पुढे लावा, सावली त्याच बाजूला सरकत असते. मे महिन्यात मी तर म्हणते गाडी सोडा आणि ढाब्याच्या बाजेवरच पडा.

झोपायचं कसं, हे त्यामानाने सोपं आहे. ड्रायव्हरच्या सीटवर नाही, पाय पेडलला लागतात. शेजारची सीट पूर्ण मागे, मान एका बाजूला लटकू नये म्हणून टॉवेलची गुंडाळी, कमरेखाली घडी घातलेली चादर, पाय बॅगेवर वर. काही गाड्यांत हेडरेस्ट काढून पुढची सीट मागच्या सीटला टेकवता येते, मग मधल्या खड्ड्यात कपड्यांची पिशवी भरली की बिछाना तयार. बेल्ट आणि बूट सैल. दिवाळीनंतर पहाटे भामरागडकडे इतका गारवा असतो की चादर नाही, ब्लँकेटच हवं.

आणि किती वेळ? एक तर वीस मिनिटं, नाहीतर सरळ दीड तास. मधेच, गाढ झोपेतून उठलात तर डोकं बधिर असतं. उठल्यावर पंधरा मिनिटं तरी गाडी सुरू करू नका. एक गंमत अशी की चहा झोपायच्या आधी प्यायचा! कॅफीन लागू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे तुम्ही उठता तेव्हाच ते कामाला लागतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात का?"

या उन्हाळ्यात आम्ही गडचिरोलीहून परत येत होतो. मूलच्या अलीकडे बाबांनी कुणी काही न बोलता गाडी एका ढाब्यात वळवली, दोन चहा सांगितले, एक संपवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "वीस मिनिटांनी उठव." मी मोबाइलवर अलार्म लावून शेजारी बसून राहिले. दोन मिनिटांत ते घोरायला लागले. मी त्यांना पंचवीस मिनिटं झोपू दिलं.