हवेतील पाणी आणि 'मेघदूत' हे नाव

२०२२ मध्ये मध्य रेल्वेने मुंबई विभागातील सहा स्थानकांवर, हवेतील बाष्पापासून पिण्याचे पाणी काढून विकणारी १७ केंद्रे मंजूर केली. दादर व ठाणे ही त्यांतली दोन स्थानके. हैदराबादच्या 'मैत्री ॲक्वाटेक'ने घडविलेल्या या यंत्राचे नाव 'मेघदूत'. नाव समर्पक खरेच. धूर, तेज, जल आणि वायू यांच्या संयोगाने झालेला मेघ निरोप कसा नेणार, ही शंका कालिदासानेच काव्यारंभी उपस्थित केली आहे. यंत्राला निरोपाशी कर्तव्य नाही; त्या संयोगातील जल तेवढे त्याला हवे असते.

पंख्याने ओढलेली हवा गाळून थंड नळ्यांवरून नेतात. तिचे तापमान दवबिंदूखाली उतरले की बाष्प थेंबरूपाने साचते. ते पाणी शुद्ध करून त्यात क्षार मिसळतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा, तसाच हा व्यापार. तांब्याला मात्र विजेचे देयक येत नाही. एक लिटर पाणी साकळताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता बाहेर पडते आणि वीज खर्चून ती उपसावी लागते. हवा थंड करण्याचा खर्च निराळाच.

हा खर्च स्थळकाळानुसार बदलतो. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. मुंबईच्या पावसाळ्यात हे सहज घडते. उलट लखनौमध्ये, गोमतीपलीकडील निशातगंजात, मे महिन्यात लू वाहत असता ४२ अंश व १५ टक्के आर्द्रता धरली, तर जेमतेम ८ ग्रॅम उरते आणि दवबिंदू १० अंशांच्या आसपास जातो. तहान सर्वाधिक तेव्हाच हवा सर्वांत कृपण! ऑगस्टमध्ये ती उदार होते, पण तेव्हा पाणी छपरावरच पडत असते. तेथील सामान्य कुटुंबाचा उन्हाळा या यंत्रावर निभावेल असे मानणे म्हणूनच धाडसाचे आहे. फलाटावरील प्रवाशाची बाटली भरणे ही गोष्ट वेगळी.

विजेवाचूनचा एक मार्ग कच्छमधील कोठारा परिसरात अजमावला गेला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरजा शरण यांनी छपरांवर व उतरत्या चौकटींवर प्लास्टिकचे पत्रे अंथरून दव गोळा केले. निरभ्र रात्री असा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून आपोआप थंड होतो. प्राप्ती थोडी, चौरस मीटरमागे रात्रीला अर्ध्या लिटरहूनही कमी. पण ती पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांतली.